तिथीची पाऊणपट आणि न उजाडलेले तीन दिवस

आमचे हे म्हणतात, "काय लिवायचं ता लवकर लिव गो, इसरायच्या आत." चेष्टेनं म्हणतात. वर्षभरापूर्वी 'विसरणं' हा शब्द आमच्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं, आणि आता त्यावरून माझी रोज टिंगल होते. मला ही टिंगल आवडते. टिंगल करणारी माणसं घाबरलेली नसतात.

मी थळची. माहेरही इथलंच आणि सासरही. वय सदुसष्ट. एकतीस वर्षं अंगणवाडीत बाई म्हणून काम केलं, आणि जमेल तेव्हा आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर खडपावर शिंपल्यातली कालवं काढायला गेले. ओहोटीला समुद्रातून जो खडक उघडा पडतो त्याला आम्ही खडप म्हणतो. कालवं त्यालाच चिकटलेली असतात.

मला औषधांची नावं सांगता येणार नाहीत. ती पाठ नसणं हा माझ्या आजाराचा भाग की आळसाचा, हे विचारू नका. ज्यांच्या घरात एखादं माणूस हल्ली तीच गोष्ट दोनदा विचारायला लागलंय आणि सगळे 'वय झालं' म्हणून गप्प बसलेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

पाऊणपट

आधी एक गणित सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भरतीची वेळ काढायला आम्हांला घड्याळ लागत नाही. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता भरती भरणार आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. खडपावर जायचं ते ओहोटीच्या तासभर आधी, आणि पाणी फिरलं की वर यायचं.

शाळेत मी पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, पाठ केलेली. त्यामुळे कोळीवाड्यातल्या बायकांना कधी उतरायचं ते मी सांगायची. जानकी, माझी लहानपणापासूनची मैत्रीण, तिच्या हातात मोबाईल आला तरी विचारायची मलाच. "तुजा हिशोब कवा चुकला न्हाय," म्हणायची. मला ते ऐकायला फार आवडायचं. माणसाला कशाची ना कशाची घमेंड असतेच, मला पाऊणकीची होती.

आराम

पासष्टाव्या वर्षी अंगणवाडीतून निवृत्त झाले. त्याच सुमाराला गुडघे कुरकुरायला लागले. माझी सून प्रीती, उरणची मुलगी, अलिबागला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. सोन्यासारखी सून, हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही, पण लिहायला हरकत नाही. ती मला म्हणाली, "आई, बस झालं आता. आयुष्यभर राबलात. तुम्ही फक्त टेन्शन न घेता बसायचं."

मग मी बसले. तिनं घरातलं एकेक काम माझ्या हातातून प्रेमानं काढून घेतलं. पहाटे उठून दोन्ही वेळचं जेवण करून जायची. केर, भांडी, बाजार, सगळं. मला पाणी प्यायलाही उठावं लागू नये म्हणून तांब्या सोफ्याजवळ. मुलगा बोटीवर, हे दिवसभर बंदरावर जाळी विणत, आणि मी टीव्हीसमोर. आवाज इतका मोठा, की जानकी रस्त्यावरूनच ओरडायची, "सगल्या आलीला कशाला ऐकवतंस?"

अंगणवाडीत होते तेव्हा प्रत्येक वाराला नाव होतं. एका वारी मुलांची वजनं, एका वारी आयांची बैठक, एका वारी खाऊवाटप. आता सगळे वार एकाच तोंडवळ्याचे झाले. कपाटाची चावी तांदळाच्या डब्यात सापडली. कालवणात मीठ दोनदा पडलं, तेही प्रीतीनं नको म्हणताना मी केलेल्या कालवणात. नातीला, स्वराला, मी तिच्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागले. सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

तो 'रविवार'

माघातली गोष्ट. सकाळी स्वरा घरीच होती. सात वर्षांची पोर, शाळेला सुट्टी म्हणून अंगणात उड्या मारत होती. पोर घरी म्हणजे रविवार, असं मी धरलं. प्रीती पर्स घेऊन निघाली तेव्हा मला वाटलं बाजाराला चालली. रविवारी पंचमी होती, ते मी कॅलेंडरवर आधीच पाहून ठेवलेलं. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेदहाला ओहोटी.

गणित अगदी बरोबर होतं. फक्त तो गुरुवार होता. शिक्षकांचं कसलंसं प्रशिक्षण होतं म्हणून शाळेला सुट्टी होती. तिथी होती द्वितीया. पाणी साडेसातलाच फिरलं होतं, आणि मी नऊ वाजता नातीचा हात धरून, हातात कालवं फोडायची कोयती घेऊन, गुडघ्यांची पर्वा न करता, ऐटीत खडपाकडे निघाले होते. जे तीन दिवस उजाडलेच नव्हते ते मी जगून मोकळी झाले होते.

वाटेत जानकी आणि बाकीच्या बायका टोपल्या घेऊन परत येताना दिसल्या. जानकी हात हलवून काहीतरी ओरडत होती. वाऱ्यात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. हल्ली ऐकू आलं नाही की मी मान डोलावून हसायची. तसंच हसले आणि पुढे गेले.

खडपावर कालवं भरपूर होती. मी फोडत बसले. स्वरा म्हणाली, "आजी, पाणी येतंय बघ." मी म्हटलं, "अजून जातंय पाणी." ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला दटावलं, "मला शिकवतेस व्हय गो? तुझ्या बापाला मी शिकवलंय."

मग माझी पावलं भिजली. वर पाहिलं तर खडप आणि किनारा यांच्यामधला खोलगट पट्टा भरून आला होता. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मला तिथे खरोखरचं कळलं. स्वराला कडेवर घेऊन मी पाण्यात शिरले तेव्हा पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं. स्वरा रडत नव्हती, नुसती माझी मान घट्ट आवळून होती. तेवढ्यात जानकी, टोपली कुठेतरी फेकून, पाण्यातून येताना दिसली. तिनं पोरीला माझ्याकडून ओढून खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

किनाऱ्यावर आल्यावर ती मला शिव्या घालायला लागली. "सांगितला ना तुला, पानी फिरलाय म्हणून! मान कशाला हलवलीस?"

"आज पंचमी हाय ना?" मी विचारलं.

जानकी शिव्या द्यायची थांबली. तिच्या त्या गप्प होण्याची मला आजही भीती वाटते.

लाँचने मुंबईला

त्या संध्याकाळी अलिबागच्या डॉक्टरांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि मुंबईला चिठ्ठी दिली. प्रीती माझ्याशी बोलत नव्हती. रागावलेली असती तर मी समजून घेतलं असतं. ती नुसतीच माझ्याकडे बघायची, मग स्वराकडे बघायची. कोयती तिनं पोटमाळ्यावर टाकली. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

रेवसला लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरलो. मी, हे आणि प्रीती. लाँचवर ह्यांनी मला शेंगदाणे घेतले, जसे लग्नानंतर पहिल्यांदा मुंबई दाखवायला नेताना घेतले होते. एवढं त्यांना आठवतं, आणि मला दोन दिवसांपूर्वीचं आठवत नाही, या विचारानं मी पुडी न उघडताच पिशवीत ठेवली.

इस्पितळात तीन दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला रक्त, मग चहा, मग कुठलंतरी यंत्र. एक यंत्र तर असं, की आत सरकवतात आणि कानाशी हातोडे पडत राहतात. मी आत अंगणवाडीतली गाणी म्हणत पडले. बाहेर आल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी हलू नका, टाळ्या वाजवत होता तुम्ही." वॉर्डातल्या मावशी मला दुपारचा चहा न मागता दोनदा द्यायच्या. मी विसरून दोनदा मागत होते की त्या प्रेमानं देत होत्या, ते मी विचारायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मग विचारलं, "आज तारीख काय?"

"तारखेचं आम्हांला कौतुक नाही," मी म्हटलं. "मला तिथी विचारा. षष्ठी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. त्यांनी मान खाली घातली होती. चाळीस वर्षांत मी त्यांना समुद्रालाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं. हळूच म्हणाले, "दशमी हाय आज."

पाच शब्दांतले मला दोन आठवले.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, ते मला आवडलं. दाब आणि साखर वर्षानुवर्षं वाढलेली होती, त्यानं मेंदूतल्या बारीक नसा ठिकठिकाणी बंद पडल्या होत्या. याला अजून स्मृतिभ्रंश म्हणत नाहीत, पण ती वाट तिकडेच जाते. "गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते सांभाळता येतं. पुष्कळ सांभाळता येतं. दिवसभरात तुम्ही काय काय करता?"

प्रीतीनं मोठ्या अभिमानानं उत्तर दिलं, "काही नाही, मॅडम. आम्ही त्यांना काहीच करू देत नाही."

डॉक्टरबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तिथेच थोडं चुकलंय."

प्रीती खोलीबाहेर गेली. थोड्या वेळानं मी तिच्यामागे गेले, तर ती जिन्यात बसून रडत होती. मी तिच्याशेजारी बसले. मला बसायला जड जातं, पण बसले. म्हटलं, "अगं, मलाही आवडलं होतं ना बसायला. तू एकटी कशाला रडतेस?" मग दोघी मिळून रडलो. त्या महिन्यातलं तेवढं मला सगळ्यांत स्वच्छ आठवतं.

चालणं, ऐकणं आणि सुका बोंबील

घरी आल्यावर माझा अभ्यास सुरू झाला. गोळ्या वेळेवर. टीव्ही एक तास. रोज सकाळी किनाऱ्यावरून चालायचं. ह्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे आधी चाळीस वर्षांची सवय मोडायची होती, कारण ते पुढे आणि मी चार पावलं मागे. पहिल्या दिवशी तसेच निघाले. मी ओरडले, "अहो, मला चालायला सांगितलंय, तुमच्या मागे पळायला न्हाय." तेव्हापासून शेजारी चालतात. सुरुवातीला बंदरावरच्या माणसांसमोर लाजायचे. आता मी दमले तर माझा हातही धरतात, आणि कोणी बघितलं तर सांगतात, "डॉक्टरनं सांगितलंय."

खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. एका पायावर उभं राहायचं, आधी भिंतीला धरून, मग बोट टेकवून. स्वरा समोर उभी राहून अंक मोजते आणि मला हसवून पाडायचा प्रयत्न करते. गुडघे आता कमी कुरकुरतात. जे पाय दुखतील म्हणून बसवून ठेवले होते, ते बसवल्यामुळेच जास्त दुखत होते, हे कळायला मला मुंबई गाठावी लागली.

कानात यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी तव्यावर पडलेल्या मासळीचा आवाज ऐकून मला रडू आलं. तो आवाज मला सोडून गेला होता आणि मला पत्ताच नव्हता. ह्यांचं घोरणंही ऐकू यायला लागलं, पण यंत्र काढून ठेवता येतं.

सगळ्यात कठीण होतं मीठ. कोळ्याच्या घरात खारं सुकं बंद करायचं? दोन आठवडे मी तोंड पाडून जेवले. ह्यांनी एकदा चोरून बोंबील भाजला. वासानं सगळी आळी जागी झाली आणि प्रीतीनं दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. आता महिन्यातून एकदा, पाण्यात भिजवून, अर्धा मिळतो. तो अर्धा मी पाऊण तास खाते.

आणि पाटी. दाराशी अंगणवाडीतली एक जुनी पाटी टांगली. रोज सकाळी कॅलेंडर न बघता मी त्यावर वार, तारीख, तिथी आणि भरतीची वेळ लिहायची. संध्याकाळी प्रीतीनं तपासायची. जन्मभर पोरांच्या पाट्यांवर मी चांदण्या काढल्या, आता सून माझ्या पाटीवर काढायला लागली. चुकलं तर फुली मारायची. मला बरं वाटावं म्हणून तिनं एकदाही फुलीची चांदणी केली नाही, आणि म्हणूनच तिच्या चांदणीवर माझा विश्वास बसला. पहिल्या महिन्यात फुल्या जास्त होत्या.

तिसरं घर

सगळं गोड चाललं होतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पोटमाळ्यावरची कोयती पोटमाळ्यावरच होती. आणि शाळा सुटल्यावर स्वरा आमच्या घरी येत नव्हती. ती जानकीकडे जायची. आमच्यापासून तिसरं घर. हे बंदरावरून आले, की मगच तिला आणायचे. मी घरी एकटी असताना पोर माझ्याजवळ ठेवायची नाही, असं कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी नुसतं ठरवलेलं होतं.

मला आजार परवडला, पण ते तिसरं घर परवडत नव्हतं. दुपारी कानातल्या यंत्रातून मला तिचं हसणं ऐकू यायचं. शेवटी एकदा मी प्रीतीवर ओरडलेच. "शेकडो पोरं मी सांभाळलीत. कुणाच्या पोराला खरचटू दिलं न्हाय. माझी नात मला कधी परत देणार आहेस?"

प्रीती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. "आई, मला तुमची भीती नाही वाटत हो. मला त्या दिवसाची भीती वाटते. ती पाण्यात होती, आणि मी ऑफिसमध्ये चहा पीत होते. ते माझ्या डोक्यातून जातच नाही."

मला जे आठवत नाही त्याचं दुःख, आणि तिला जे विसरता येत नाही त्याचं. एका घरात दोन आजारी माणसं होती, आणि गोळ्या एकटी मीच खात होते. मी तिला म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा दे. मी पाटी लिहीत राहीन."

पावसाळा गेला. फुल्या कमी झाल्या, गेल्या मात्र नाहीत. दिवाळीत दारात उभ्या असलेल्या जानकीचं नावच मला आठवेना. मी तिला "ये गो बाय" म्हणून वेळ मारून नेली. तिला कळलं. ती आत आली आणि म्हणाली, "जानकी. साठ वर्षं झाली, पुन्हा एकदा वलख करू." आम्ही चहा प्यायलो. असे दिवस पुढेही येणार आहेत, हे मला माहीत आहे.

एका सोमवारी दुपारी चार वाजता दार वाजलं. दप्तर घेऊन स्वरा उभी. "मम्मी म्हणाली, आजपासून इकडेच." मी तिला दूध दिलं. गॅस बंद केला, मग परत जाऊन बंद केलाय का ते पाहिलं. मग तिला पाऊणकी शिकवायला बसले.

माघ

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, खरोखरच्या रविवारी, मी उठले तर कोयती ओट्यावर होती. धुतलेली, मुठीला नवी चिंधी गुंडाळलेली. प्रीती पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. न वळता म्हणाली, "आज तिथी कोणती, आई?"

"तृतीया."

"भरती?"

"सव्वादोन. म्हणजे सव्वाआठला ओहोटी. सातला उतरायचं, साडेआठच्या आत वर."

तिच्या हातातल्या फोनकडे तिनं हळूच पाहिलं. मला दिसलं आणि मला अजिबात राग आला नाही. "स्वरा तुमच्याबरोबर येईल," ती म्हणाली. "पण एक अट आहे. दोघींपैकी जी आधी 'परत' म्हणेल, तिचं ऐकायचं."

किनाऱ्यावर जानकी आणि बायका थांबल्या होत्या. जानकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गो, कवा उतरायचा?" तिच्या कमरेला मोबाईल खोचलेला होता. मी वेळ सांगितली. स्वरानं बोटांवर पाऊणकी करून मान हलवली, आणि आम्ही उतरलो.

खडप तसंच होतं. वर्षभर कोयतीला शिवले नव्हते, तरी हाताला सगळं आठवत होतं. शिंपल्याची कड कुठे मऊ असते, कोयती कुठे टेकवायची, हे कशानंच पुसलं नव्हतं. एका खडकावर तर अशी भरलेली कालवं होती, की मी बसकण मारली आणि आजूबाजूचं विसरून फोडत सुटले. टोपली अजून निम्मीच होती.

"आजी, परत," स्वरा म्हणाली. "पाणी फिरलं."

मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बरोबर आठ. सव्वाआठपर्यंत पाणी जायचं होतं. तिथी बरोबर होती, पाऊणपट बरोबर होती, प्रीतीचा फोनही तेच म्हणाला होता. जानकी अजून खाली वाकून फोडत होती. स्वरा माझ्याकडे बघत उभी होती आणि तिनं पुन्हा म्हटलं नाही.

माझ्या हिशोबानं अजून पाव तास होता. मी उठले.